नाफिऑन मेम्ब्रेनमधले हायड्रॉक्सिल रॅडिकल ईएसआरवर कसे पकडावेत

नाफिऑन म्हणजे फ्युएल सेलमध्ये वापरला जाणारा आम्लधर्मी प्लास्टिकचा पातळ पडदा. ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) हे यंत्र चुंबकीय क्षेत्र आणि मायक्रोवेव्ह वापरून रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेले रेणू, ओळखतं. पण हायड्रॉक्सिल रॅडिकल क्षणार्धात विरतो, थेट दिसत नाही. म्हणून डीएमपीओ हा स्पिन ट्रॅप (रॅडिकलला पकडून जास्त वेळ टिकवणारा रेणू) आधी मेम्ब्रेनमध्ये मुरवायचा आणि त्याला चिकटलेला रॅडिकल मोजायचा.

नाफिऑन २१२ची ३ × २० मिमी पट्टी घ्या. ती ८० अंश सेल्सिअसला ३% हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक तास, मग ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात एक तास ठेवा. दोन्हीनंतर डीआयोनाइज्ड पाण्याने धुवा. चिमटा प्लास्टिकचाच. स्टीलच्या चिमट्याचं लोह मेम्ब्रेनमधल्या सल्फोनिक (आम्ल) गटांवर जाऊन बसतं.

फेरस लोहाची पेरॉक्साइडशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, म्हणून आता मोजून लोह भरायचं. नायट्रोजन सोडलेल्या पाण्यात ०.५ मिलिमोलर फेरस सल्फेट ताजं बनवा. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये पट्टी अर्धा तास भिजवा. एवढ्या लोहाने सल्फोनिक गटांच्या फार तर पाचवा हिस्सा जागा भरतात, तेवढं पुरे. मग ०.१ मोलर डीएमपीओत (१ मिलिलिटरला ११.३ मिग्रॅ) अंधारात दहा मिनिटं. रात्रभर नको, आम्लात ट्रॅप टिकत नाही. पिवळा पडलेला डीएमपीओ तर वापरूच नका.

टिश्यूने पाणी टिपा, नाहीतर मायक्रोवेव्ह पाण्यातच शोषले जातात. ३% पेरॉक्साइडचे १० मायक्रोलिटर पट्टीवर सोडून सपाट सेलमध्ये लगेच स्कॅन लावा: ९.४ गिगाहर्ट्‌झला मध्य ३३५ मिलिटेस्ला, रुंदी १० मिलिटेस्ला, मॉड्युलेशन ०.१ मिलिटेस्ला, शक्ती १० मिलिवॉट.

१:२:२:१ अशा चार रेषा दिसल्या, टोकाच्या रेषांतलं अंतर सुमारे ४.५ मिलिटेस्ला आलं, तर तो ट्रॅपला चिकटलेला हायड्रॉक्सिल, म्हणजेच हायड्रॉक्सिलचा अ‍ॅडक्ट. मेम्ब्रेनमध्ये रेणूंना मोकळं फिरता येत नाही, त्यामुळे रेषा पाण्यातल्यापेक्षा रुंद येतात. त्यात बिघाड शोधत बसू नका.

एवढ्यावर निष्कर्ष मात्र काढू नये. फेरिक (फेरस ऑक्सिडाइझ होऊन बनलेलं) लोह असलं की डीएमपीओवर साधं पाणीच चढतं आणि हुबेहूब याच चार रेषा मिळतात, रॅडिकल नसतानाही! शिवाय हायड्रोपेरॉक्सिलचा अ‍ॅडक्ट मोडूनही त्याच उरतात. म्हणून एक पट्टी पेरॉक्साइडशिवाय, एक लोहाशिवाय, आणि एक डीएमपीओच्या द्रावणातच १०% इथेनॉल घालून चालवा. खरा हायड्रॉक्सिल इथेनॉलवर तुटून पडतो, मग सहा रेषा येतात आणि टोकांतलं अंतर ५.४ मिलिटेस्लापर्यंत जातं. इथेनॉल असूनही चार रेषा तशाच ठाण मांडून बसल्या, तर तो सिग्नल बहुधा लोहाचा खेळ आहे. अशा वेळी फेरस द्रावण पिवळसर, म्हणजे फेरिक, झालंय का ते आधी बघा. इथेनॉलने नाफिऑन फुगतं, त्यामुळे या पट्टीच्या सिग्नलची उंची इतरांशी ताडू नका, फक्त रेषांच्या जागा पाहा.