सीबीसीचा रिपोर्ट कसा वाचावा

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की काळजात धस्स होतं. आधी शेजारचा 'नॉर्मल रेंज'चा रकाना बघा. निरोगी माणसांपैकी साधारण 95 टक्के लोक ज्या मर्यादेत बसतात, ती ही रेंज. म्हणजे ठणठणीत वीस जणांतला एखादा तिच्या बाहेर असणारच. आकडा काठावर आहे की फार लांब गेलाय, हे पाहा.

मग हिमोग्लोबिन. पुरुषांत 13, स्त्रियांत 12 आणि गरोदरपणी 11 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. पण लगेच लोहाच्या गोळ्या आणू नका. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, आधी वाचा. तो 100 च्या वर असेल तर बी12 किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, थायरॉइड, यकृत, दारू अशी कारणं शोधावी लागतात. 80 च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी, नाहीतर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष. मायनरमध्ये हिमोग्लोबिन जरा कमी, पण तांबड्या पेशींची संख्या चांगली भरलेली असते. अशी माणसं वर्षानुवर्षं उगाच लोह घेत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि लोह खरंच कमी असेल, तर ते कुठे जातंय हे डॉक्टरांना विचाराच: पाळीचा जास्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातला अल्सर.

पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000. इथे टक्केवारी फसवते. लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार. समजा एकूण 3,000 आहेत, लिम्फोसाइट 60 टक्के आणि न्यूट्रोफिल 30. नजर 60 वर जाते, पण गुणाकार केला तर लिम्फोसाइट 1,800, अगदी नॉर्मल. न्यूट्रोफिल मात्र फक्त 900. कमी आहेत त्या याच. त्या 500 च्या खाली असताना ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख. काहीच त्रास नसताना एकदम कमी आल्या, तर नळीतल्या रसायनामुळे त्यांच्या गुठळ्या झाल्या असतील. मशीन त्या मोजत नाही. काचपट्टीवर, म्हणजे स्मिअर करून, तपासायला सांगा.

दोन-तीन प्रकारच्या पेशी एकदमच घटल्या असतील किंवा स्मिअरमध्ये 'ब्लास्ट', म्हणजे अपरिपक्व पेशी, असं लिहिलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जुने रिपोर्टही सोबत न्या.