जुना वन बीएचके घेताय? आधी इंडेक्स टू बघा

सदाशिव पेठेत, दादरला जुना छोटा फ्लॅट बघायला गेलं की एजंट म्हणतो "इथे हाच रेट चाललाय", आणि आपल्याकडे खोडून काढायला काहीच नसतं. इथे कामी येतो इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या खरेदी-विक्रीचा सरकारी सारांश.

१. सोसायटीच्या टॅक्स बिलावरून किंवा सेक्रेटरीकाकांकडून सिटी सर्व्हे नंबर (सरकारी मोजणीतला जागेचा नंबर) घ्या.
२. आयजीआर महाराष्ट्रच्या (राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) साइटवर मोफत ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि तो नंबर टाका. (साइट रडवते, रात्री उशिरा बघा.)
३. त्याच बिल्डिंगमधले मागचे व्यवहार दिसतात, इंडेक्स टूमध्ये मोबदला (व्यवहाराची किंमत) आणि क्षेत्रफळ असतं, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर चौरस फुटांसाठी १०.७६ ने गुणा, मोबदल्याला त्याने भागून रेट काढा आणि मगच भाव करायला बसा.

फक्त क्षेत्रफळ कार्पेट (आतलं वापरायचं) की बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून) ते नीट वाचा, नाहीतर हिशोबच चुकतो.