छेद पाड्यावर असतो: प्राथमिक आरोग्यात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

एमबीबीएसनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष करायला मी 2008 साली मोखाड्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. वर्ष संपवून मेडिसिनला जायचं ठरलेलं होतं. केंद्रात बी.पी.च्या रुग्णांचं एक रजिस्टर होतं. गोळ्या न्यायला न येणाऱ्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘डिफॉल्टर’ लिहायची पद्धत होती, आणि दिवाळीनंतर ती लाल शाई पानभर पसरायची. कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द असायचा: अज्ञान.

एका नावाबद्दल मी आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, तो जगायला गेलाय.” मजुरीसाठी बाहेर जाण्याला तिकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, होळीला चार दिवस येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आम्ही गोळ्या देत होतो दहा दिवसांच्या. त्या घेऊन माणूस सहा महिन्यांसाठी निघून गेला, तर त्यात अज्ञान कुणाचं?

त्या रकान्याने मला संशोधनाकडे ओढलं. आता तरुण डॉक्टर, नर्सेस, एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली विचारतात की या क्षेत्रात यायचं कसं. त्यांना सांगते ते इथे लिहिते आहे.

आधी वही, मग पदवी

आधी डिग्री शोधू नका. एक वही घ्या आणि ओपीडीत, उपकेंद्रात, घरभेटीत जे खटकेल ते त्याच दिवशी लिहा: तारीख, काय दिसलं, कितीजणांत दिसलं. तीन महिन्यांनी वही पहिल्यापासून वाचा. जी गोष्ट पुन्हा पुन्हा आली असेल, तिथे तुमचा प्रश्न आहे.

मग तो प्रश्न बारीक करा. ‘आदिवासी भागातील उच्च रक्तदाब’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमच्या केंद्राच्या गावांत दिवाळी ते होळी या काळात बी.पी.चे किती रुग्ण 30 दिवसांहून जास्त गोळ्यांशिवाय राहतात, आणि ते स्वतः त्याची कारणं काय सांगतात?’ हा प्रश्न आहे. कोण, कुठे, कधी आणि काय मोजायचं, हे त्यात आलं.

प्रश्न लहान आहे म्हणून संकोचू नका. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत. ते खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप नोंदवत राहिले. त्या निरीक्षणांतून प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपचार उभा राहिला आणि त्यावरचे त्यांचे लेख जगभर वाचले गेले.

अंश ओपीडीत, छेद पाड्यावर

हा भाग सावकाश वाचा. मी सर्वात मोठी चूक इथेच केली आणि माझ्या हाताखालची मुलंही इथेच घसरतात.

शाळेतला अपूर्णांक आठवा. ओपीडीत आलेले रुग्ण हा अंश. पण तो कितीजणांमधला, हे सांगणारा छेद केंद्राबाहेर असतो. सपाटीवर एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे 30,000 लोकसंख्या धरतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000. त्यातले दिवसाला किती जण तुमच्या टेबलापर्यंत पोचतात? जे पोचत नाहीत, त्यांच्याबद्दल रजिस्टर काही बोलत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. दवाखान्यात बसून हा आकडा कुणालाही मिळाला नसता.

माझा पहिला सर्व्हे मी जानेवारीत केला. घरोघर फिरले, सोबत एएनएम ताई, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिका, होत्या. जवळजवळ सगळे गोळ्या नियमित घेतात, असं उत्तर आलं. मी आनंदाने तक्ते काढले आणि गाईडसमोर ठेवले. त्यांनी एकच विचारलं, “बंद घरं किती होती?” मी ती मोजलीच नव्हती. जानेवारीत पाड्यावर राहतात ती म्हातारी माणसं आणि नोकरीवाल्यांची घरं. ज्यांच्यासाठी अभ्यास काढला, ती माणसं भट्टीवर होती. सगळा अभ्यास बाजूला ठेवावा लागला.

दुसऱ्या वेळी जे केलं, ते तुम्ही पहिल्याच वेळी करा. आशाताईंच्या कुटुंब नोंदवहीवरून यादी बनवा, आणि तीही दिवाळीच्या आधी, सगळे घरी असताना. बंद घराचाही फॉर्म भरा: ‘घर बंद, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून अमुक ठिकाणी.’ एका घरी तीनदा जा. एकदा भल्या सकाळी, एकदा दिवे लागल्यावर, एकदा बाजाराचा दिवस सोडून. मजुरांना भट्टीवर नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घ्या आणि शक्य असेल तर भट्टीवर जा. आम्ही गेलो, तेव्हा एका बाईंनी पत्र्याच्या पेटीतून आमच्या केंद्राचा केसपेपर काढून दाखवला. प्लॅस्टिकमध्ये घडी घालून जपून ठेवलेला. रजिस्टरात त्यांच्यापुढे ‘डिफॉल्टर’ होतं.

पाहणी किती जणांची करायची, हे संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच विचारा, शेवटी नव्हे. एका पाड्यावरच्या लोकांचा रस्ता एक, आशा एक, कामाला जायची जागाही बहुधा एक. म्हणून एकाच पाड्यावरचे शंभर जण दहा पाड्यांवरच्या शंभर जणांइतकी माहिती देत नाहीत. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. लसीकरणाच्या जुन्या पाहणीत 30 गट निवडून प्रत्येकातली 7 मुलं बघायची पद्धत होती, ती याच कारणाने.

संमती

संस्थेच्या एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आधी, मगच पहिला फॉर्म. जुन्या रजिस्टरवरचा अभ्यास असला तरी कमिटीकडे जायचं. नावं काढून टाकलेली असतील तर संमतीतून सूट मिळू शकते, पण ती कमिटीने द्यायची, आपण गृहीत धरायची नाही. उपचाराची चाचणी असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचून काढा.

संमतीपत्राचं मराठी पुस्तकी होऊ देऊ नका. ‘सदर संशोधनातील आपला सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्य मी वाचलं, तेव्हा समोरच्या आजींनी मुकाट्याने अंगठा पुढे केला. ‘नाही म्हणालात तरी गोळ्या बंद होणार नाहीत’ असं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला. वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणारं कुणी सोबत ठेवा. अंगठा घेताना साक्षीदार आपल्या टीमबाहेरचा हवा. आणि पांढरा कोट घालून संमती मागू नका, त्या कोटाला नाही म्हणणं लोकांना फार जड जातं.

शिक्षण आणि नोकरी

एमबीबीएस चालू असेल तर आयसीएमआरची विद्यार्थ्यांना संशोधन करू देणारी दोन महिन्यांची एसटीएस योजना सोडू नका. पुढे डॉक्टरांना एमडी कम्युनिटी मेडिसिन आहे, ज्याला आपण अजून पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतो. एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला) बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, समाजकार्य अशा वाटांनीही येता येतं. त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), पुणे विद्यापीठ, गांधीनगरचं आयआयपीएच (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ), चेन्नईची एनआयई (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) इथले प्रवेशाचे नियम पाहून घ्या. मी पीएसएम केलं, घरी नाराजी झाली, आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

नोकऱ्या बहुतेक प्रकल्पांच्या असतात, एक ते तीन वर्षांच्या करारावर. हे आधी घरच्यांना सांगा, कर्ज काढण्याआधी स्वतःलाही सांगा. रुजू होताना तीन गोष्टी लेखी विचारा: डेटा कुणाचा, लेखात नाव कशाच्या आधारावर, आणि प्रकल्प संपल्यावर रुग्णांचं काय. एका प्रकल्पात मी दोन वर्षं माहिती गोळा केली, विश्लेषण केलं, आणि लेखात माझं नाव आभारात आलं. मी काहीच लेखी घेतलं नव्हतं. लेखात लेखक म्हणून कुणाचं नाव यावं, याच्या आंतरराष्ट्रीय चार अटी (आयसीएमजेईच्या) आहेत, त्या पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवा. त्याच न्यायाने आशाताई, एएनएम यांनी खरोखर विचार करून काम केलं असेल तर त्यांनाही लेखनात सामील करा.

आठवड्यातला एक दिवस तरी ओपीडी करा. ती सुटली की वही कोरडी पडते.

साधनांची अडचण आता राहिली नाही. फोनवर फॉर्म भरायचं कोबो रेंजशिवाय चालतं, विश्लेषणाचं आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आपल्या जिल्ह्याची एनएफएचएस-5 ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची) फॅक्टशीट कुणालाही पाहता येते. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा.

लेख पाठवण्याआधी

आमच्यासारखी निरीक्षणं अनेक ठिकाणी अनेकांनी मांडली होती. 2017 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते, आणि त्यात एका वेळी 30 दिवसांच्या गोळ्या देण्याचं धोरण आलं. ते वाचलं त्या दिवशी मी ते जुनं रजिस्टर आठवून बराच वेळ बसून होते.

पण आमचा लेख तेव्हा पूर्ण नव्हता, हे मला पाड्यावर कळलं. निष्कर्ष वाचून दाखवायला आम्ही सभा घेतली. भट्टीवरच्या लोकांनी जवळच्या खासगी डॉक्टरकडून गोळ्या का घेतल्या नाहीत, याचं कारण मी ‘अंतर’ असं लिहिलं होतं. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “डॉक्टर जवळच होता. पैसे मुकादमाकडून घ्यावे लागतात, आणि ते उचलीत धरतात. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तिथेच.” फॉर्ममध्ये उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, रकानाच नव्हता. मी लेख पुन्हा उघडला, पंधरा घरांत परत गेले आणि चर्चेचा भाग नव्याने लिहिला.

म्हणून सभा लेख पाठवण्याआधी घ्या. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ठेवा, तेव्हा भट्टीवरचेही पाड्यावर असतात.