माड झाड आहे का? शाळेत समितीची सुनावणी बसवताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. आमची मुलं वक्तृत्वात तयार. पाचवीतलं पोरसुद्धा ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून सुरू झालं की पाच मिनिटं अडखळत नाही. सुनावणीच्या स्पर्धेत, म्हणजे मुलांनी साक्षीदार होऊन समितीपुढे एखाद्या विधेयकावर निवेदन द्यायचं आणि मग प्रश्नांना उत्तरं द्यायची त्या स्पर्धेत, मात्र हीच तयारी आडवी आली. पहिल्या वर्षी आमच्या मुलीचं निवेदन चालू असताना परीक्षकांनी मध्येच विचारलं, “हे कुठल्या कलमात आहे?” ती थांबली, छताकडे बघितलं आणि तोच परिच्छेद पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणू लागली. चूक तिची नव्हती, पाठांतर मीच करून घेतलं होतं. तेव्हापासून तयारीची सगळी रीतच बदलली. ज्यांना आपल्या शाळेत हे करायचंय त्यांच्यासाठी ती लिहून ठेवते.

अमेरिकेत ‘वी द पीपल’ नावाचा शालेय कार्यक्रम १९८७ पासून चालतो, म्हणजे गोवा घटकराज्य झालं त्याच वर्षापासून. वर्गाचे सहा गट, मुलं साक्षीदार, परीक्षक म्हणजे तिथल्या संसदेची समिती. ४ मिनिटं लिहून आणलेलं निवेदन, मग ६ मिनिटं प्रश्न. हे प्रमाण डोक्यात पक्कं बसवा आणि सरावाचा वेळही त्याच हिशेबाने वाटा. आपल्याकडची युवा संसद वेगळी. तिथे सभागृह उभं करायचं असतं, आणि बहुतेक वेळा प्रश्नही लिहिलेला, उत्तरही लिहिलेलं. सुनावणीत पुढचा प्रश्न कुठला येणार ते कुणालाच ठाऊक नसतं.

मुलांना आधी एक गोष्ट सांगा: समिती म्हणजे कोर्ट नव्हे. मालिका बघून ती ‘माय लॉर्ड’वर जातात. इथे आरोपी नाही, निकाल नाही. समिती साक्षी ऐकते आणि अहवालात शिफारस करते. संसदेच्या खातेनिहाय स्थायी समित्यांत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि मंत्र्याला त्यात जागा नसते. म्हणून मंत्र्याला अध्यक्ष करू नका. ही चूक फार शाळा करतात.

विषय लहान घ्या. ‘पर्यावरण वाचवा’वर भाषण होतं, सुनावणी होत नाही. सुनावणीला एक विधेयक लागतं, जमल्यास त्यातलं एकच कलम. मी माड घेतला. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०१६ साली त्यात दुरुस्ती करून माडाला वगळलं, म्हणजे माड तोडायला परवानगी लागेनाशी झाली. दारात माड नाही असं आमच्या वर्गात एकही घर नाही. विषय समजावून सांगण्यात एक मिनिट गेलं नाही.

कायद्याचा मजकूर इंग्रजीत असतो. तो मुलांनीच मराठीत आणायचा, आणि इथे घाई करू नका. आमचे तीन तास एका पानावर गेले. ‘मे’ आणि ‘शॅल’ या दोन शब्दांपाशी तर अख्खा वर्ग अडला. एकाचा अर्थ ‘देऊ शकेल’, दुसऱ्याचा ‘द्यावीच लागेल’. अधिकाऱ्याच्या हातात किती सत्ता आहे ते या एका क्रियापदावरून कळतं, हे मुलांच्या लक्षात आलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण आपण होऊन पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘मे’खाली रेघ ओढत बसला. त्या दिवशी मला घरी जाऊन गप्प बसवेना, शेजारणीलासुद्धा सांगितलं.

साक्षीदार घराजवळचे निवडा. भाटकार म्हणजे बागायतीचा मालक, पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, बांधकाम व्यावसायिक, वनखात्याचा अधिकारी. गणेश चवथीच्या सुट्टीआधी मी भूमिका वाटून टाकते. सगळं गणगोत घरी जमलेलं असतं, गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधताना नारळ हातात असतो, विचारायला याहून चांगली वेळ नाही. पाडेलीची भूमिका घेतलेली मुलगी काकांकडून विचारून आली की जुन्या उंच माडावर चढायला आता माणूस मिळत नाही, म्हणून तो तोडायचा असतो. तोडायला परवानगी नको असं म्हणणाऱ्याचीही बाजू खरी असते, हे तिनेच वर्गाला दाखवलं.

निवेदन पाठ करू देऊ नका. ४ मिनिटांत ‘वंदनीय गुरुजन’ला जागा नाही. आपण कोण, विधेयकातलं काय हवं, काय नको आणि का, एवढं पुरे. कागद हातात असू दे, पण प्रश्न सुरू झाले की तो पालथा. मग चिठ्ठ्यांवर सराव. माझ्या डब्यात तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या असतात: हे कुठे लिहिलंय, यात नुकसान कुणाचं, आणि तुमच्या उलट बोलणाऱ्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता. तिसरी चिठ्ठी मुलांना नको असते. तीच जास्त काढायला लावा. एकाने उत्तर दिलं की दुसऱ्याने त्यात भर घालायची, तेच घोळवायचं नाही. ठाऊक नसेल तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही’ म्हणायचं. थापेला मी सरावातही गुण देत नाही. बोलता बोलता कोंकणी शब्द आला तर अडवू नका. अडवलं की विचारच तुटतो.

परीक्षक म्हणून एखादे वकील, निवृत्त पंचायत सचिव, माजी पंच बोलवा. भाषण न करता उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढा, असं त्यांना आधी स्पष्ट सांगा. गेल्या खेपेला एका वकिलांनी आमच्या गटाला विचारलं, “माडाला फांद्या नसतात. मग तो झाड कसा?” मी मागे उभी होते, हा प्रश्न माझ्या डब्यात नव्हता. नववीतली मुलगी थोडं थांबून म्हणाली, “सर, कायद्याच्या सुरुवातीला व्याख्या असतात. विज्ञानाच्या पुस्तकात माड काहीही असू दे, या कायद्यापुरतं झाड कशाला म्हणायचं ते विधानसभा ठरवू शकते. आमचं म्हणणं एवढंच की तोडण्याआधी कुणीतरी येऊन बघावं.” वकिलांनी पेन खाली ठेवलं.

सुनावणी संपली की बक्षिसांकडे धावू नका. समिती झालेल्या मुलांना अर्धा तास द्या, एका पानाचा अहवाल लिहू द्या: कलम ठेवा, बदला की गाळा. खऱ्या विधानसभेने पुढे काय केलं, ते तोवर मी सांगत नाही. कागदावर सह्या झाल्या की मगच २०१७ ची दुरुस्ती वाटते, माडाला कायद्यात परत आणणारी. मुलं आपला अहवाल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघतात, आणि शाळा सुटल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.