ओपन सोर्स क्रिप्टो प्रोजेक्टसाठी फंडिंग हवंय? या चुका टाळा

तुमचं ओपन सोर्स वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं खुल्या कोडचं ॲप, हजारो लोक वापरतात म्हणजे डोनेशन येईलच, हा हिशोब आधी डोक्यातून काढा. रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, डोनेशनचा ॲड्रेस टाकला की मार्केट वर असताना थोडेफार पैसे येतात, मार्केट पडलं की तेही बंद, आणि घरभाडं तर दर महिन्याला द्यावंच लागतं.

सगळा पगार एकाच ठिकाणाहून घेणं ही त्याहून मोठी चूक. बिटकॉइन फाउंडेशन २०१२ मध्ये सुरू झालं, बिटकॉइनच्या मुख्य कोडवर काम करणाऱ्या कोअर डेव्हलपरना पगार द्यायचं, आणि एप्रिल २०१५ मध्ये कळलं की तिजोरीत जवळपास काहीच उरलेलं नाही. गॅव्हिन अँड्रेसन, व्लादिमिर व्हॅन डर लान आणि कोरी फील्ड्स या डेव्हलपरना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने घेतलं म्हणून निभावलं. आता ब्रिंक, ओपनसॅट्स, स्पायरल असे ग्रँट देणारे पर्याय आहेत, पण नीट बघा, ब्रिंक आणि ओपनसॅट्सला ट्विटरचा सहसंस्थापक जॅक डॉर्सीने मोठी रक्कम दिलीये आणि स्पायरल तर त्याच्याच ब्लॉक कंपनीचं आहे. त्यामुळे तीन ठिकाणी अर्ज केला म्हणजे तीन वेगळे आधार मिळाले असं धरून चालू नका.

आलेला पैसा सांभाळण्यातही लोक कमी पडतात, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण तो लोकांनी विश्वासाने दिलेला असतो. मोनेरो या कॉइनच्या कम्युनिटी फंडाचं वॉलेट सप्टेंबर २०२३ मध्ये कुणीतरी रिकामं केलं, २६७५ एक्सएमआर (मोनेरोची कॉइन) गेले, आणि हे जाहीर झालं थेट नोव्हेंबरमध्ये. म्हणून मल्टिसिग लावा, म्हणजे एकट्याच्या सहीने पैसे हलणार नाहीत, सतत इंटरनेटला जोडलेल्या हॉट वॉलेटमध्ये पुढच्या पेमेंटपुरतंच ठेवा आणि बॅलन्स दर आठवड्याला कुणीतरी बघायचाच हे ठरवून टाका.

ग्रँट कॉइनमध्ये येत असेल तर निदान सहा महिन्यांचा खर्च लगेच रुपयात करून ठेवा. भारतात २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, वर एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, त्यामुळे ग्रँट घ्यायच्या आधीच सीएशी बोला, मार्चमध्ये नको.

ब्लॉक रिवॉर्डमधूनच, म्हणजे व्यवहारांचा नवा ब्लॉक जोडणाऱ्याला मिळणाऱ्या कॉइनमधूनच, डेव्हलपरसाठी हिस्सा कापू असं काहींना वाटतं. झीकॅश या कॉइनमध्ये ते सुरुवातीपासून होतं, म्हणून चाललं. बिटकॉइन कॅशमध्ये २०२० साली मधेच आणायला गेले आणि नोव्हेंबरमध्ये चेनच फुटून दोन वेगळी कॉइन झाली.

आणि अर्जात नुसती नवी फीचर्स लिहू नका. दुसऱ्यांचा कोड तपासणं, जुने बग, टेस्ट, रिलीज, यात किती तास जातात तेही लिहा आणि त्याचे पैसे स्पष्ट मागा.