जुलाबात नुसतं पाणी का पुरत नाही?

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. जुलाब लागलेलं मूल आलं की आईला माझा पहिला प्रश्न असतो, "काय पाजलंत?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सिस्टर, पाणी देतेय की भरपूर!" आणि तरीही मूल मलूल पडलेलं असतं.

आतड्याला पाणी थेट ओढून घेता येत नाही. आतड्याच्या पेशी आधी मिठातलं सोडियम आत घेतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. जुलाबात हे काम बिघडतं, पण एक वाट बहुधा चालू राहते. ग्लुकोज, म्हणजे साखरेतून मिळणारा घटक, आणि सोडियम जोडीनं आले तर पेशी दोघांनाही आत घेतात. म्हणजे साखर चवीपुरती नसते, मिठाला आत न्यायला ती लागतेच.

शक्य असेल तर ओआरएसचं, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं, पाकीटच वापरा, त्यात पोटॅशियमही असतं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय, तेवढंच घ्यायचं आणि पूर्ण पाकीट एकदम टाकायचं. "आत्ता अर्धंच करू" म्हणून अंदाजानं अर्धी पूड काढली की प्रमाणाची वाट लागते.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर एक लिटर पाणी, साखर सहा छोटे चमचे आणि मीठ अर्धा छोटा चमचा. चमचा पाच मिलिलिटरचा हवा. तो शिगोशीग भरायचा नाही, सुरीची पाठ फिरवून सपाट करायचा. पाण्याला खळखळून उकळी आली की आणखी एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि मगच मीठ-साखर घाला. दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळा. मग स्वतः घोटभर चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर सरळ ओतून द्या आणि नव्यानं करा. जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरू शकतं.

"गोड आवडतं त्याला" म्हणून साखर वाढवण्याचा मोह फार जणांना होतो. साखर जास्त झाली की आतड्यातलं द्रावण दाट होतं आणि उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं. जुलाब वाढतात. बाटलीतली गोड पेयं द्यायची नाहीत ती याचसाठी.

आता पाजणं. इथे घाई नडते. तहानलेलं मूल पेला धरून गटागटा पितं आणि सगळं उलटून टाकतं. चमच्यानं द्या, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलिलिटर. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. झिंकच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. केलेलं द्रावण 24 तासांनी फेकायचं, उरलंय म्हणून जपून ठेवायचं नाही.

कंटाळवाणं काम आहे, पण घरच्या माणसांना नीट जमतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच द्रावण नातेवाइकांच्या हातून पाजवलं आणि मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं.

मुलाकडे मधूनमधून बघत राहा. पोटाच्या कातडीला हलका चिमटा घेऊन सोडा. ती लगेच सपाट झाली तर ठीक, हळूहळू बसली तर पाणी कमी पडतंय. डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू येत नाहीत, तान्ह्या बाळाची टाळू खाली बसलीय, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, काहीच पोटात टिकत नाही, किंवा मूल नीट जागंच होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका. आणि मूल शुद्धीवर असून गिळत असेल, तर निघताना ते द्रावण सोबत घ्या आणि वाटेतही चमचा-चमचा पाजत या.