शेवाळाच्या प्रयोगाची तयारी: पाणी हिरवं होण्याआधी

बरण्या जमवायच्या आधी प्रश्न एका वाक्यात वहीत लिहा. 'खताने शेवाळ वाढतं का?' एवढ्याने भागत नाही. 'फॉस्फेट (खतातला फॉस्फरस असलेला क्षार) घातलेल्या पाण्यात दोन आठवड्यांत साध्या पाण्यापेक्षा जास्त शेवाळ वाढतं का?' असा नेमका प्रश्न असेल, तर काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं आणि काय मोजायचं हे त्यातूनच ठरतं. हाच प्रश्न कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एका अख्ख्या तळ्याला विचारला होता. '226' क्रमांकाच्या त्या तळ्यात त्यांनी मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडलं, फॉस्फरस मात्र एकाच भागात. हिरवागार झाला तो फॉस्फरसचा भाग. पडद्यापलीकडे फॉस्फरस न घातलेलं पाणी शेजारीच होतं, म्हणूनच त्या हिरव्या रंगाला अर्थ आला. तुमच्याही मांडणीत काहीच न घातलेली बरणी हवीच, आणि प्रत्येक प्रकारच्या किमान तीन हव्यात. एकच बरणी ठेवली आणि ती बिघडली, तर हातात काही उरत नाही.

बरण्या पारदर्शक, एकाच आकाराच्या आणि साबणाचा अंश न राहिलेल्या असाव्यात. त्या दोन तृतीयांशच भरा आणि तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा. घट्ट झाकण नको, शेवाळाला कार्बन डायऑक्साइड लागतो. पाण्याची पातळी मार्करने आखून ठेवा. पाणी उडून गेलं की शेवाळ वाढलं नसतानाही दाट दिसतं, म्हणून तेवढं ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालून पातळी पुन्हा रेषेवर आणायची.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवा आणि सगळ्या बरण्या त्याच भांड्यातून भरा. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसतं ठेवून ते जात नाही, मत्स्यालयासाठी मिळणारं क्लोरीन काढणारं द्रावण वापरावं लागतं.

मूळ शेवाळ कुठून आणायचं, यावर बरंच काही अवलंबून आहे. पहिल्यांदाच करत असाल तर क्लोरेलासारखं एकाच जातीचं शेवाळ घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तळ्याच्या पाण्यात डॅफ्निया, रोटिफर असे बारीक जीव असतात आणि ते शेवाळावरच जगतात. चार दिवस हिरवं होत गेलेलं पाणी अचानक निवळलं, तर बहुतेक त्यांनीच ते फस्त केलेलं असतं. तळ्याचंच पाणी हवं असेल तर बारीक कापडातून गाळा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. पृष्ठभागावर निळसर-हिरवी साय आलेलं पाणी मात्र आणूच नका, काही नील-हरित जीवाणू विष तयार करतात. हातमोजे कायम घाला. मूळ पाणी नीट ढवळून प्रत्येक बरणीत सारखंच मोजून टाका.

उजेडासाठी एलईडी दिवा बरा, तो कमी तापतो. टायमर लावून बारा तास उजेड, बारा तास अंधार ठेवा. तापमान 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहील अशी जागा निवडा. दिव्याचा प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही, त्यामुळे बरण्यांच्या जागा रोज बदला.

सगळ्यात जास्त विचार मोजणीचा करा. 'थोडं हिरवं', 'जास्त हिरवं' अशा नोंदींची शेवटी तुलनाच करता येत नाही. सोपी पद्धत अशी: पांढऱ्या कागदावर काळी फुली काढा, तिच्यावर उंच, पारदर्शक मोजपात्र ठेवा, बरणी हलकेच फिरवून तळाला बसलेलं शेवाळ पाण्यात मिसळा आणि वरून पाहत पाणी ओतत जा. फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. शेवाळ जितकं जास्त, तितकी ही उंची कमी. सुरुवातीला पात्र काठोकाठ भरलं तरी फुली दिसत राहील, तेव्हा 'पूर्ण उंचीलाही दिसते' असं लिहा. पाणी परत त्याच बरणीत ओता आणि पुढच्या बरणीआधी पात्र धुवा, नाहीतर एकीचं शेवाळ दुसरीत जाईल. पेशी मोजायची काचपट्टी मिळाली तर उत्तमच. तिच्यातल्या एक मिलिमीटरच्या चौकोनातल्या पेशींना 10,000 ने गुणलं की एका मिलिलिटरमधल्या पेशी कळतात. काचेला चिकटलेलं शेवाळ कोणत्याच मोजणीत येत नाही, त्याची वेगळी नोंद ठेवा.

वेळ पक्की ठरवा. उजेडात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) वाढतो, अंधारात तो पुन्हा उतरतो. पीएचही मोजत असाल आणि सकाळची आणि संध्याकाळची मोजमापं एकाच रकान्यात लिहिली तर हाच चढउतार वाढ म्हणून मोजला जाईल. फोटोही रोज त्याच अंतरावरून, त्याच उजेडात, मागे पांढरा कागद ठेवून काढा. शून्याव्या दिवसाची नोंद आणि फोटो विसरू नका, नंतर ते मिळवता येत नाहीत. पहिले काही दिवस काहीच घडत नाही असं वाटेल. शेवाळ नव्या पाण्यात रुळायला वेळ घेतं, म्हणून निदान दोन आठवडे राखून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी नोंद कोण घेणार हे आधीच वाटून घ्या.

प्रयोग संपल्यावर शेवाळाचं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात ओतायचं नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळा, अर्धा तास ठेवा आणि मगच मोरीत सोडा. त्यासाठीचं ब्लीच आणि जास्तीचे हातमोजे आत्ताच सामानात ठेवा.